सान फर्नांडोचं नौदल समाधिस्थळ, गाइड घेऊनच बघा

काडिझला जाणार असाल तर लोकलने सान फर्नांडोला उतरा आणि 'पांतेऑन दे मारिनोस इलुस्त्रेस' बघाच, स्पेनच्या नावाजलेल्या दर्यावर्दींच्या कबरी इथे आहेत. नौदलाच्या हद्दीत आहे, त्यामुळे वेळ आधी ठरवून जा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. इमारत भव्य आहे, अठराव्या शतकात चर्च म्हणून बांधायला घेतलेली, पण गाइड नसेल तर नुसता संगमरवर बघून बाहेर पडाल.

आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते अ‍ॅडमिरल पास्कुआल सेर्वेरांच्या कबरीपाशी. लोकांना ते 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धात क्युबात हरले एवढंच माहीत असतं, आमच्या गाइडने मात्र मंत्रिपदापासून सुरुवात केली आणि तिथेच पैसे वसूल. 1892 मध्ये पंतप्रधान सागास्तांच्या सरकारात नौदलमंत्री झाले, नौदलाच्या बजेटला हात लावायचा नाही या बोलीवर, आणि काही महिन्यांत कात्री लागणार म्हटल्यावर सरळ राजीनामा देऊन मोकळे झाले, असा मंत्री कुठे बघायला मिळतो सांगा!

पुढे 1897 मध्ये आरमार त्यांच्याच हाती आलं. 'क्रिस्तोबाल कोलोन' ही नवीकोरी क्रूझर युद्धनौका, पण तिच्यावर मुख्य तोफाच बसवलेल्या नाहीत, 'विझकाया' या दुसऱ्या क्रूझरच्या तळाला इतके शिंपले चिकटलेले की ती वेगच घेईना. त्यांनी तेव्हाचे नौदलमंत्री बेर्मेखोंना पत्रावर पत्र लिहून बजावलं की या जहाजांनिशी लढलो तर आरमार बुडणार. ऐकतंय कोण. 3 जुलै 1898 ला क्युबातल्या सांतियागो बंदराच्या अरुंद तोंडातून जहाजं एकेक करून बाहेर पडली, समोर अमेरिकन टपलेलेच, चार क्रूझर आणि दोन डिस्ट्रॉयर, एकही वाचलं नाही, स्पेनची तीनशेच्या वर माणसं गेली आणि अमेरिकेचा एक.

मला सगळ्यात भिडली ती त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. अमेरिकनांनी 'मेरिमॅक' हे आपलंच जहाज बुडवून बंदराची वाट अडवायचा प्रयत्न केला, तिच्यावरच्या आठही जणांना सेर्वेरांनी स्वतः लाँच घेऊन जाऊन पाण्यातून काढलं आणि शत्रूच्या अ‍ॅडमिरलला निरोप धाडला की तुमची माणसं सुखरूप आहेत.

तक्रार एकच, शेवट घाईत उरकला. आरमार गेलं म्हणून त्यांच्यावर खटला, त्यातून सुटका, 1903 ला तहहयात सिनेटर, हे सगळं दाराकडे चालता चालता सांगितलं. इंग्रजीतून टूर हवी असेल तर बुकिंग करतानाच विचारून घ्या.