पंगत की बुफे, हॉलचा केटरर की बाहेरचा? ठाण्यात लग्न ठरलेल्यांसाठी

धाकट्या बहिणीच्या लग्नात जेवणाची सगळी जबाबदारी माझ्याकडे होती आणि आता मावसभावाचं फेब्रुवारीत ठरलंय, तर परत तेच फोन तेच कोटेशन चालू झालेत. लग्न ठाण्यातच, पाहुणे निम्मे इथले आणि निम्मे डोंबिवली, दादर, पुण्याहून येणारे. तुमच्याकडेही असंच असेल तर मेनूची यादी हातात घ्यायच्या आधी थोडं थांबा, कारण घरात सगळे पनीर कुठलं आणि गोड काय यावर तास तास बोलतात आणि त्या दिवशी खरा फरक पडतो तो वाढपी किती आहेत आणि प्लेटा कशा मोजणार यानेच.

आधी केटररचं. नौपाड्यातला जुना हॉल असो की घोडबंदर रोडचं मोठं बँक्वेट, बऱ्याच ठिकाणी केटरर त्यांचा किंवा त्यांच्या पॅनेलवरचाच घ्यावा लागतो, आणि बाहेरचा चालत असेल तर त्यावर रॉयल्टी, म्हणजे बाहेरचा आणल्याबद्दल हॉलचे वेगळे पैसे, लावतात, किचनचे आणि साफसफाईचे परत वेगळे. आम्हाला हॉलवाल्यांनी प्लेट 650 सांगितली, ओळखीच्या केटररने 480. आई म्हणाली झालं, बाहेरचाच घेऊ. मी वहीत मांडून बघितलं तर रॉयल्टी, भांड्यांचा टेम्पो, गॅस, पाण्याचे जार हे सगळं धरून ती 480 ची प्लेट 590 ला गेली. तरी 60 रुपये वाचत होते, 400 माणसांचे 24 हजार, ती रक्कम छोटी नाहीच. पण त्या 24 हजारांत घरातला एक माणूस दिवसभर किचनच्या दारात उभा राहणार हेही धरायला पाहिजे, कारण बाहेरच्याला तिथलं काहीच माहीत नसतं, नळाला पाणी किती वाजेपर्यंत, सिलिंडर कुठे ठेवायचे, लिफ्टमधून टोप जातो की जिन्यानेच न्यायचा, सगळं आपल्यालाच विचारत राहतात.

हॉलच्या केटररचं जेवण वाईट असतं असं अजिबात नाही, एकसारखं असतं इतकंच. मसालेभात दिसायला छान पण गोडा मसाला नावाला, अळूची भाजी मागितली की "मॅडम पालक चालेल ना". बाहेरच्याकडे आम्हाला अळूचं फतफतं तसंच मिळालं जसं आमच्या आजीकडे व्हायचं, चुका घालून, वर दाणे आणि खोबऱ्याचे काप, आणि पंचामृत मागायची गरजच पडली नाही, त्यांनीच विचारलं. चवीसाठी मी बाहेरचाच घेईन. पण घरात धावपळ करणारं कुणी नसेल, आई-वडील साठीच्या पुढचे आणि भावंडं परदेशात, तर हॉलचाच घ्या आणि शांतपणे लग्न बघा.

तिसरा पर्याय आचारी लावून सामान आपण आणायचं, हा सव्वाशे-दीडशे माणसांपर्यंत ठीक आहे, केळवण, साखरपुडा, सोसायटीच्या हॉलमधलं छोटं लग्न. किराणा जांभळी नाक्यावरनं आणायचा, वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, जायचं तर गोणीच्या हिशेबात घ्यायची तयारी पाहिजे. 100 माणसांना वरणभात आणि मसालेभात मिळून साधारण 8-9 किलो तांदूळ पुरतो. आचारी मात्र यादी नेहमी जास्तीची देतो, तेल आणि तूप उरतंच, म्हणून दुकानदाराला आधीच विचारून ठेवा की न उघडलेले डबे परत घेणार का. आणि आगरी-कोळी घरांत हळदीच्या रात्रीचं मटण-वडे हे वेगळंच प्रकरण असतं, ते मांडवातच आणि स्वतःच्या माणसांनी करायचं. ठाण्यातले कितीतरी हॉल शाकाहारीच असतात, तेव्हा हळद हॉलवर करायचा विचार असेल तर बुकिंगच्याच दिवशी विचारून घ्या.

आता गॅरंटीचं. मिनिमम गॅरंटी म्हणजे तितक्या प्लेटांचे पैसे माणसं आली नाहीत तरी जाणारच. आम्ही 400 ची दिली आणि आले साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे पन्नास जणांचं न जेवलेलं बिल भरलं. आता मावसभावाच्या वेळी मी 320 ची गॅरंटी आणि वरच्या 80 प्लेटा त्याच भावात लागतील तशा, असं लिहून घेतलंय, आणि नक्की आकडा तीन दिवस आधी कळवायचा. मोजणी कशी होणार तेही लिहून घ्या. बहिणीच्या वेळी रात्री मॅनेजर म्हणाला 412 प्लेटा झाल्या, आणि माझा काका रिकाम्या प्लेटांच्या ढिगाशेजारी बसून दर पन्नासला भिंतीवर खडूने रेघ मारत होता, त्याच्या सात रेघा झालेल्या. रेघा बघून मॅनेजरने आकडा सोडला. बँडवाले, फोटोग्राफर, ड्रायव्हर यांच्या प्लेटा कुठल्या भावाने आणि कशात धरणार हेही तेव्हाच बोलून टाका, आणि भाव जीएसटी धरून की सोडून तेही, नाहीतर शेवटच्या बिलात सगळं वर येतं.

पंगत की बुफे यावर घराघरात दोन तट असतात. माझं मन पंगतीकडे आहे, उघड सांगते. पानावर आधी मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग भाजी, मग वरणभातावर तुपाची धार, आणि आग्रह करून वाढलेली जिलबी, त्याशिवाय मला लग्नात जेवल्यासारखं वाटत नाही. आणि म्हातारी माणसं खरंच पोटभर जेवतात ती पंगतीतच. बहिणीच्या रिसेप्शनला बुफे होता, तिथे आमची आत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, एका हातात काठी दुसऱ्या हातात प्लेट, प्लेटेत फक्त भात, कारण पुरीच्या रांगेत तिच्याने उभं राहवेना. ते बघून मला फार लागलं.

पण पंगत वाढप्यांवर उभी असते. 60 पानांच्या पंगतीला निदान 8 वाढपी हवेतच, म्हणजे भातवाला वरणवाल्याची वाट बघत उभा राहत नाही. आमच्या पंगती याहून मोठ्या, म्हणून आमच्याशी 16 कबूल केलेले आणि आले 9, मुहूर्ताच्या दिवशी भांडून उपयोग नव्हता. दुसऱ्या पंगतीची माणसं पहिलीवाल्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, जेवणाऱ्याला घास उतरेना, आणि तिसऱ्या पंगतीला मठ्ठा संपला. म्हणून वाढप्यांचा आकडा अ‍ॅडव्हान्स देताना पावतीवर लिहून घ्या, कमी आले तर किती कापणार तेही.

आणि ठाण्यात रविवार असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी लोकल बंद किंवा उशिरा, आहेच. दुपारचा मुहूर्त आणि ब्लॉक एकत्र आले की दादरची माणसं अक्षता पडून गेल्यावर येतात, डोंबिवलीची दोन-दोन करून येतात, घोडबंदरला ट्रॅफिक लागला तर विचारूच नका. अशा दिवशी पंगत भरतच नाही, अर्धी पानं मांडून ठेवलेली आणि अन्न गार होत राहतं. तेव्हा बुफेच बरा, पण दोन अटींवर. जेवण गॅस किंवा स्पिरिटवर गरम राहणाऱ्या भांड्यात पाहिजे, नुसतं टोपातनं काढून ठेवलेलं नको, आणि एकाच मेनूची दोन काउंटर दोन टोकांना लावायची, नाहीतर चाळीस फुटांची रांग ठरलेली. पाणीपुरी-चाटची लाइव्ह काउंटर संध्याकाळी ऑफिसवरनं येणाऱ्यांना आवडतात, दुपारी त्यांच्यावर पैसे घालू नका.

एप्रिल-मेमधलं लग्न असेल तर बासुंदी आणि रबडी टाळा, मोतीचूर किंवा जिलबी घ्या. थर्माकोलच्या ताटल्या राज्यात 2018 पासून बंद आहेत, तरी कोटेशनमध्ये "डिस्पोझेबल" असं मोघम लिहितात, तिथे पत्रावळ की केळीचं पान की स्टील ते स्पष्ट करून घ्या. केटररचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, 14 आकडी नंबर पावतीवर आहे ना तेही बघा.

मावसभावाचं रविवारी आहे, मुहूर्त दुपारी 12:18. आम्ही बुफे ठरवलाय, बाहेरचा केटरर, आणि हॉलच्या आतल्या खोलीत 40 पानांची एकच पंगत, व्याही, दोन्हीकडची म्हातारी माणसं आणि ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी. केटररने त्या पंगतीचे पानामागे 70 रुपये जास्त मागितलेत, 2800 होतात. आत्याला काल फोन करून सांगितलं की तुमचं पान आत मांडलंय, तर म्हणाली मग अळू दोनदा वाढायला सांग.