ह्यूस्टनला राहायला जावं का? शहर चांगलं, पण पत्ता पारखून

कॅलिफोर्निया किंवा न्यू जर्सीतून टेक्सासमधल्या ह्यूस्टनकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरते ती घराची किंमत. चार बेडरूम, मागे अंगण, दोन गाड्यांचं गॅरेज, आणि वर राज्याचा इन्कम टॅक्स शून्य. हे सगळं खरं आहे. पण इथे घर किती महाग पडेल हे त्याच्या किमतीपेक्षा ते कोणत्या जमिनीवर उभं आहे यावर जास्त ठरतं. एकाच झिपकोडमधल्या दोन घरांचा टॅक्स, विमा आणि पाण्याचा धोका यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. आमचं मत स्पष्ट आहे: तेल-वायू, वैद्यकीय किंवा अंतराळ क्षेत्रातली नोकरी हातात असेल तर जरूर या, पण पहिलं वर्ष भाड्याने राहा.

सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा. हे शहर जवळजवळ सपाट आहे. पावसाचं पाणी बायू नावाच्या संथ ओढ्यांमधून सावकाश खाडीकडे जातं. मुसळधार पावसात रस्त्यावर पाणी साचलं तर लगेच घाबरू नका, इथले रस्ते काही वेळ पाणी धरून ठेवण्यासाठीच तसे बांधलेले असतात. बघायचं ते एवढंच, की घराचा स्लॅब, म्हणजे पायाची काँक्रीटची लादी, रस्त्याच्या कडेपेक्षा किती वर आहे. शेजारची नवी घरं चढवून बांधली असतील आणि मधलं जुनं घर खाली राहिलं असेल, तर पाणी कुठे जमेल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या पूरनकाशावर ‘एक्स’, म्हणजे कमी धोक्याचा झोन दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. २०१७ च्या हार्वे वादळात बुडालेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरं शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेर होती. आणि ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती साधारण २६ टक्के होते. पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर ही १९४० च्या दशकातली दोन धरणं आहेत. एरवी ती कोरडी असतात. पण त्यांच्या फुगवट्याच्या जागेत खासगी जमीन आहे आणि तिथे वसाहती उभ्या राहिल्या. हार्वेत धरणात साठलेल्या पाण्याने त्या बुडाल्या, आणि धरणांचे दरवाजे उघडल्यावर खालच्या बाजूची बफेलो बायूकाठची घरंही बुडाली. टेक्सासमध्ये विक्रेत्याला मागचे पूर, पूरविम्याचे दावे आणि घर अशा फुगवट्यात आहे का हे लेखी सांगावं लागतं. तो फॉर्म ऑफर देण्याआधी मागा. विक्रेत्याकडून त्या घरावरच्या जुन्या विमा दाव्यांचा क्लू रिपोर्टही मागून घ्या.

पूरविमा घरमालकाच्या नेहमीच्या विम्यात येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या योजनेत इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,००० डॉलर मिळतात. एरवी ३० दिवसांनी तो लागू होतो, कर्जाच्या क्लोजिंगबरोबर, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण होताना घेतला तर ही वाट बघावी लागत नाही. विक्रेत्याची चालू पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेता येते आणि कधीकधी ती नव्या पॉलिसीपेक्षा बरीच स्वस्त पडते. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारा. नेहमीच्या विम्यातही वारा आणि गारपिटीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला तुम्ही आधी भरायचा वाटा, टक्क्यांत असतं. ४,००,००० डॉलरच्या संरक्षणावर २ टक्के म्हणजे छपरासाठी पहिले ८,००० डॉलर तुमचे. छप्पर जुनं असेल तर कंपनी नव्या छपराचा पूर्ण खर्च न देता घसारा वजा करून देऊ शकते.

आता प्रॉपर्टी टॅक्स. राज्याचा इन्कम टॅक्स नाही, त्याची वसुली इथे होते. काउंटी, शाळा, कॉलेज असे सगळे दर मिळून २.४ टक्के धरले तर ४,००,००० डॉलरच्या घराला वर्षाला ९,६०० डॉलर, म्हणजे महिन्याला ८००. शहराच्या हद्दीबाहेरच्या नव्या वसाहतींत ‘मड’, म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचा कर असतो. पाणी, सांडपाणी आणि निचऱ्यासाठी काढलेलं कर्ज फेडणारा तो स्थानिक कर. तो धरून एकूण दर ३ टक्क्यांजवळ जाऊ शकतो. घरं वाढली आणि कर्ज फिटत गेलं की तो उतरतो, त्यामुळे जुना मड बरा.

लोक फसतात ते दोन ठिकाणी. पहिलं, विक्रेत्याचं टॅक्सबिल बघून हिशेब करणं. त्याच्या घराच्या करपात्र मूल्यावर वार्षिक १० टक्के वाढीची मर्यादा असते, कदाचित ज्येष्ठांची सवलतही. घर तुमच्या नावावर झालं की ते सगळं संपतं आणि मूल्य बाजारभावाला येतं. दुसरं, नवं बांधकाम. पहिल्या वर्षी टॅक्स बहुधा नुसत्या प्लॉटवर लागतो. एस्क्रो, म्हणजे हप्त्याबरोबर टॅक्स आणि विम्यासाठी घेतली जाणारी रक्कम, त्या आकड्यावर बांधला गेला तर दुसऱ्या वर्षी मासिक हप्ता एकदम चढतो. होमस्टेड, म्हणजे स्वतः राहत असलेल्या घराच्या सवलतीचा अर्ज न विसरता भरा. शाळेच्या टॅक्ससाठी आता १,४०,००० डॉलर मूल्यातून वजा होतात, शाळेचा दर १ टक्का धरला तरी वर्षाला १,४०० डॉलर वाचतात. मूल्य जास्त लावलंय असं वाटलं तर १५ मे किंवा नोटिशीपासून ३० दिवस, जे नंतर येईल तोपर्यंत प्रोटेस्ट, म्हणजे हरकतीचा अर्ज करा. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करणं बंधनकारक नाही, त्यामुळे सरकारी मूल्य हा अंदाजच असतो. भेगांचे फोटो, दुरुस्तीची कोटेशनं आणि कमी किमतीचं क्लोजिंगपत्र हाती असेल तर तो खाली येतो.

इथली चिकणमाती पावसाळी दिवसांत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यावरचा स्लॅब हलला की दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग जाते, दारं अडकतात. करारात ऑप्शन पिरियड घ्या. थोडी फी भरून मिळणाऱ्या या दिवसांत कारण न देता माघार घेता येते, आणि सात ते दहा दिवस तरी हवेतच. त्यात साध्या इन्स्पेक्टरशिवाय स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. १९८० आधीचं घर असेल तर स्लॅबखालच्या बिडाच्या सांडपाणी पाइपची हायड्रोस्टॅटिक, म्हणजे पाणी भरून गळती बघायची चाचणी करा, कारण गळका पाइप जमीन भिजवतो आणि पाया तिथेच सरकतो. पोटमाळ्यात एसीचा ड्रेन पाइप शेवाळाने तुंबून छतातून पाणी उतरणं हे इथलं रोजचं दुखणं. उन्हाळ्यात दर महिन्याला त्यात कपभर व्हिनेगर घाला आणि खालच्या ट्रेला, पाणी चढलं की एसी बंद करणारा फ्लोट स्विच आहे का ते बघा. पाण्याचे पाइपही बऱ्याच घरांत पोटमाळ्यातूनच जातात. फेब्रुवारी २०२१ च्या गोठणाऱ्या थंडीत ते फुटले, म्हणून मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

वीज कोणाकडून घ्यायची हे तुम्ही निवडता, तारा मात्र सेंटरपॉइंट या वितरण कंपनीच्याच. प्लॅनच्या माहितीपत्रकात ५००, १,००० आणि २,००० युनिटचा दर दिलेला असतो, तिन्ही आकडे बघा. १,००० युनिटला घसघशीत सूट देणारा प्लॅन ९९० युनिटला महाग पडतो. साधा, बारा महिन्यांचा फिक्स्ड दर घ्या. राहतं घर बदललं तर करार मोडल्याचा दंड लागत नाही. जुलै २०२४ च्या बेरिल वादळात बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवड्याहून जास्त. घरात इन्सुलिनसारखं थंड ठेवायचं औषध असेल तर जनरेटरचा खर्च घराच्या किमतीतच धरा.

गाडीशिवाय इथे निभत नाही. रेल्वे मेडिकल सेंटर आणि डाउनटाउनपुरती उपयोगी, उपनगरांतून, गाडी थांब्यावर लावून पकडायची पार्क अँड राइड बस मात्र खरोखर चांगली. केटी फ्रीवे सर्वांत रुंद ठिकाणी, बाजूचे रस्ते धरून, २६ लेनचा आहे आणि तरीही सकाळी तुंबतो. म्हणून ऑफिस कुठे आहे त्यावर उपनगर ठरवा: एनर्जी कॉरिडॉरला केटी, मेडिकल सेंटरला पेअरलँड, नासाला क्लिअर लेक. शुगरलँडमध्ये आपली माणसं आणि किराणा दोन्ही मुबलक, फक्त तिथल्या काही भागांत ब्राझोस नदीच्या बांधासाठी वेगळा टॅक्स असतो तोही जोडा. शाळेचा जिल्हा शहराच्या हद्दीनुसार ठरत नाही. ‘केटी’ असा पत्ता असलेलं घर केटी आयएसडीत, म्हणजे केटीच्या शाळा-जिल्ह्यातच असेल असं नाही, आणि वाढत्या भागात नवी शाळा उघडली की प्राथमिकच्या सीमा पुन्हा आखल्या जातात. घरक्रमांक घालून जिल्ह्याच्या नकाशावरच खात्री करा.

आल्यावर कागदपत्रांचा क्रम चुकवू नका. आधी गाडीची नोंदणी, ३० दिवसांत. सुरक्षा तपासणी २०२५ पासून बंद झाली, पण हॅरिस, फोर्ट बेंड आणि शेजारच्या काउंट्यांमध्ये उत्सर्जन चाचणी अजून लागते. मग ९० दिवसांत टेक्सासचं लायसन्स, कारण तिथे गाडी नोंदवल्याचा पुरावा मागतात. भाड्याचं वर्ष संपवून घर घेतलं की लायसन्सवरचा पत्ता लगेच बदला. तो घराच्या पत्त्याशी जुळला नाही तर होमस्टेडचा अर्ज परत येतो.