शिंपल्याचं तिकीट घ्यावं की खादीचं?

आर्वीकडच्या आमच्या शेजाऱ्यांचा सातवीतला मुलगा सध्या टपाल तिकिटांच्या नादी लागलाय. शाळेत कोणीतरी टपाल खात्याच्या दीनदयाळ स्पर्श योजनेचं सांगितलं, तिकिटं जमवणाऱ्या मुलांसाठीच्या. सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला 6000 रुपये शिष्यवृत्ती मिळते म्हणे. त्याच्या बाबांनी मला विचारलं, "भाऊ, याला नेमकं घेऊन काय द्यावं?" पोराच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक तर शंख-शिंपल्यांची चित्रं असलेली तिकिटं, नाहीतर खरोखरच्या लाकडा-कापडाची.

दुसऱ्या प्रकाराची भूल लवकर पडते, मीही त्यात पडलो होतो. स्वित्झर्लंडने 2004 मध्ये लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर तिकीट काढलं. प्रत्येकावरच्या लाकडाच्या रेषा निराळ्या. पोर्तुगालने 2007 मध्ये बुचाचं काढलं. भूतानने तर 1969 मध्येच रेशमी कापडावर छापून ठेवलंय. पण ही एकेक नग घ्यायची चीज. विक्रेता सांगेल तो भाव द्यायचा, आणि चार नग झाले की खिसाही रिकामा आणि वहीही रिकामीच.

शिवाय आपली हवा. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली 45 अंश, जुलैत भिंतींना ओल. कागदी तिकिटाचा डिंकही पावसाळ्यात वहीला चिकटतो, पण ते निदान माउंटमध्ये, म्हणजे तिकिटाच्या छोट्या पारदर्शक पिशवीत, घालून निभावतं. सुगंधी तिकिटांचं मात्र अवघड आहे. चंदनाचं 2006 चं, गुलाबाची 2007 ची, मोगऱ्याची 2008 ची. हे तसे कागदच, फक्त वास नैसर्गिक वस्तूचा. माझं चंदनाचं तिकीट मी कपाटात डांबरगोळ्यांशेजारी ठेवलं. आता पंधरा रुपयांच्या त्या चंदनाला डांबरगोळीचाच वास येतो. चूक माझीच.

शिंपल्यांची तिकिटं दिसायला साधी, पण त्यांतून बोलता येतं, आणि शिष्यवृत्तीच्या प्रकल्पात तिकिटांतून विषयच मांडायचा असतो. भारताने 1998 मध्ये समुद्री शिंपल्यांची तिकिटं काढली, तिथून सुरुवात करता येईल. पापुआ न्यू गिनीची 1968-69 ची शिंपल्यांची मालिका देखणी आहे. त्या देशाच्या चलनाचं नावच 'किना', म्हणजे तिथे दागिना नि पैसा म्हणून वापरला जाणारा मोत्याचा शिंपला. घानाच्या 'सेडी'चं मूळही कवडीच. इथवर आलं की पोराला समुद्र बघायची गरज उरत नाही. बंजारा बायकांच्या कपड्यांवरच्या कवड्या आहेत, गोंधळ्याच्या गळ्यातली माळ आहे, आणि कापसाला कवडीमोल भाव मिळतो तेव्हा बाप जो शब्द वापरतो तोही आहे. शिंपल्यांची तिकिटं जगभर निघालीत, त्यामुळे पाकिटंही स्वस्तात मिळतात. फक्त पत्रावर कधी न लागता, नुसता शिक्का मारून विकलेला माल त्यात बराच असतो, तो ओळखायला शिकावं.

खरे शिंपले जमवण्यापेक्षाही हे बरं. नॉटिलस, मोठा क्लॅम असे काही जीव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांचं कवच घरात ठेवलं तर उगाच झंझट मागे लागायची. तिकिटाला कोणी काही म्हणत नाही.

म्हणून माझं मत शिंपल्यांकडे. अपवाद एकाच तिकिटाचा: खादीचं. 12 फेब्रुवारी 2011 ला निघालेलं, गांधीजींचं, किंमत 250 रुपये, खऱ्या खादीवर छापलेलं. प्रकाशन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं, म्हणजे अमरावतीच्या सुनेनं. ज्याच्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, त्या पोराच्या वहीत बूच नसलं तरी चालेल, हे असावं. आता ते विक्रेत्याकडूनच घ्यावं लागेल. भिंगाखाली उभे-आडवे धागे स्पष्ट दिसले तरच पैसे द्या, आणि चुकूनही पाण्यात भिजवू नका.

नव्या तिकिटांसाठी विक्रेत्याकडे जायचं कामच नाही. नागपूरच्या जीपीओतल्या (मुख्य टपाल कार्यालयातल्या) फिलाटेलिक ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या तिकीट-विभागात, किमान 200 रुपये भरून खातं उघडलं की छापील किमतीत घरपोच येतात. शाळेत फिलाटेली क्लब (तिकीट-संग्रहाचं मंडळ) नसेल तर शिष्यवृत्तीच्या अर्जाला हेच खातं चालतं. उरलेल्या पैशात तिकिटं धरायचा चिमटा घ्या. पोराची बोटं शेंगदाण्याच्या चटणीची असतात, मी बघितलीत.