चीनच्या टूरमध्ये नाडी बघून कमरेची औषधं गळ्यात मारतात, सावध राहा

घरात कुणाला स्लिप डिस्कचा त्रास असेल आणि चीनची टूर ठरली असेल, तर हे जरूर वाचा.

बीजिंगला ग्रेट वॉल बघून परतताना गाइडने बस एका पारंपरिक चिनी औषध केंद्रापाशी थांबवली. कार्यक्रमात नुसतं 'मोफत फूट मसाज' लिहिलेलं. लाकडी टबात कढत औषधी पाणी, त्यात पाय सोडून सगळे बसलो. तेवढ्यात पांढऱ्या कोटातले 'प्रोफेसर' आले, सोबत इंग्रजी बोलणारी दुभाषी मुलगी. ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मनगटाखाली छोटी उशी सरकवून तीन बोटांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, "कंबर. डावा पाय." आम्ही थक्क! पण ह्यांच्या शर्टातून कमरेचा पट्टा दिसत होता, आणि सकाळीच बसमध्ये गाइडने कुणाला काय दुखतंय हे आपुलकीने विचारून घेतलं होतं. एमआरआयचं नावही कुणी काढलं नाही.

म्हणे, सरकलेली गादी गोळ्यांनी जागेवर बसेल. तीन महिन्यांचा कोर्स, 5,400 युआन, म्हणजे साठ हजारांच्या वर. मी विचार करतेय म्हटल्यावर दुभाषी हळूच म्हणाली, "मॅडम, ह्यांना पॅरालिसिस झाला तर?" नवऱ्याबद्दल असं ऐकल्यावर कुठली बायको कार्ड काढणार नाही?

घरी आल्यावर ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी पुड्या बघून आधी गोळ्या बंद करायला लावल्या. वेष्टनावर सगळं चिनीत. कंबरदुखीच्या काही चिनी औषधांत बचनाग या विषारी वनस्पतीच्या जातीची मुळं असतात. ती नीट शुद्ध केलेली नसतील तर हृदयाचे ठोके बिघडतात. हाँगकाँगच्या आरोग्य खात्याला तर अशा गोळ्यांत न सांगता मिसळलेली स्टेरॉइड्स वारंवार सापडली आहेत.

माझा राग अॅक्युपंक्चरवर नाही. चीनच्या सरकारी रुग्णालयांत अॅक्युपंक्चर आणि त्वैना मालिश रीतसर केसपेपर काढून मिळतं. अॅक्युपंक्चरबद्दल जाणकारांतही मतभेद आहेत: अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने 2017 मध्ये साध्या कंबरदुखीसाठी ते सुचवलं, तर ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखी आणि सायटिका दोन्हींसाठी देऊ नका म्हटलं. पण गोळीने गादी जागेवर बसते, असं दोघंही म्हणत नाहीत. बाहेर आलेला भाग पुष्कळांच्या बाबतीत काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. कोर्स तीन महिन्यांचाच का, ते यावरून ओळखा.

आणि पॅरालिसिसची भीती घालतात म्हणून सांगते. लघवी अडली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे पुड्यांचं काम नाही.

पैशांचं म्हणाल, तर चीनच्या 2013 च्या पर्यटन कायद्यातलं 35 वं कलम ट्रॅव्हल कंपनीला ठरावीक दुकानांत नेऊन कमिशन खायला मनाई करतं. तसं झालं असेल तर टूर संपल्यापासून 30 दिवसांत कंपनीकडे माल परत करून पैसे मागता येतात. आमच्या टूर कंपनीचं पालुपद एकच, "तुम्ही स्वखुशीने घेतलंत." आम्ही मुदतीत लेखी मागणी केली आहे, पाठपुरावा चालू आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर बिल, कार्डाची स्लिप आणि पुड्यांचे फोटो जपून ठेवा. आमच्या अर्जाला तेच लागले.