एएमटी की सीव्हीटी? भाऊजींच्या गुडघ्याचा प्रश्न

भाऊजींचा डावा गुडघा आता क्लचला नको म्हणतो. ऑटोमॅटिक गाडी घ्यायची हे नक्की. कोणती, यावर दोन रविवार गेले.

एएमटी म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. भारतात ती २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आली. मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजार जास्त, मायलेज जवळपास तेवढंच. सीव्हीटीत ठरावीक गिअर नसतात. गिअरचं काम दोन पुली आणि त्यांवरचा पोलादी पट्टा करतात. त्यासाठी लाखभर तरी वर मोजावे लागतात.

खरा फरक चालवताना कळतो. गिअर बदलताना एएमटी क्षणभर ओढ सोडते, मान डुलते. खंबाटकी घाट चढताना ट्रक ओलांडायचा तर तो क्षण जड जातो. मॅन्युअल मोडवर टाकून गिअर आपणच बदलला की निभावतं. चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, क्लच जळतो. सीव्हीटी लोण्यासारखी, पण जोरात दाबली की आवाज आधी, वेग मागून.

एएमटीचा क्लच झिजला तर बदलता येतो. सीव्हीटीचा पट्टा बिघडला तर बिल बघून गुडघा विसराल.

रोज तासभर हिंजवडीच्या कोंडीत अडकणाऱ्याने सीव्हीटीच घ्यावी. भाऊजी निवृत्त, आठवड्याला मंडई, सणाला कोल्हापूर. त्यांना एएमटी पुरे.