रिमोटचा दिवा दिसला म्हणून कॅमेरा इन्फ्रारेड होत नाही

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरसमोर इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश) अडवणारी काच असते; ती बदलून कॅमेरा इन्फ्रारेड फोटोंसाठी तयार केला की तो ‘इन्फ्रारेड कन्व्हर्टेड’. जुनी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, अशी म्हणून विकणारा बहुतेक वेळा एकच पुरावा दाखवतो. टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरायचा, बटण दाबायचं, स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला की सौदा पक्का! नवखा माणूस इथेच फसतो. रिमोटचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा प्रकाश थेट लेन्समध्ये ओतत असतो. ती काच जागेवर असली तरी त्यातला थोडा झिरपतो, आणि ठिपका दिसायला तेवढा पुरतो. कधीच न उघडलेले कित्येक कॅमेरे, मोबाइलसुद्धा, या परीक्षेत पास होतात.

पुरावा मागायचा तो शटरच्या वेगाचा. भर उन्हातलं झाड, ७२० नॅनोमीटरचा फिल्टर (साधारण त्यापुढचाच, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश सोडणारा), सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ २००, लेन्सचं छिद्र एफ/८. खरोखर बदललेल्या बॉडीत हा फोटो १/६० ते १/२५० सेकंदात, हातात धरून निघतो. न बदललेल्या बॉडीला काही सेकंद, कधी अर्धं मिनिट आणि ट्रायपॉड लागतो. फोटो रॉ फाइलमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये मागा, वेग तिच्यात नोंदलेला असतो. जेपेगवर भागवू नका. इन्फ्रारेडमध्ये पानं पांढरी दिसतात, पण ती तशी करणं सॉफ्टवेअरलाही सहज जमतं. शंका असेल तर फ्रेममध्ये काळ्या कोलाचा ग्लास ठेवायला सांगा. इन्फ्रारेडमध्ये कोला बराचसा पारदर्शक दिसतो, आणि ही नक्कल पानांइतकी सोपी नाही.

त्याहून चलाख प्रकार म्हणजे अर्धसत्य. आकाशातल्या तेजोमेघांसाठी बदललेले कॅमेरे वेगळे असतात. त्यांचा फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश जास्त आत सोडतो, पण ७०० च्या पुढचं सहसा पूर्वीसारखंच अडवतो. २०१२ चा कॅननचा ईओएस ६०डीए कारखान्यातूनच असा आला होता. विकणारा म्हणतो ‘फिल्टर बदललाय’, आणि ते खोटं नसतं. शटरच्या वेगाची चाचणी हेही उघडं पाडते.

तिसऱ्या प्रकारात काच नुसती काढून टाकलेली असते, बदल्यात काहीच बसवलेलं नसतं. काच प्रतिमा आपल्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकवते. २ मिलिमीटरची काच गेली की फोकस सुमारे ०.७ मिलिमीटर सेन्सरच्या पुढे, लेन्सच्या बाजूला पडतो. जवळचं नीट दिसतं, दूरचा डोंगर मात्र फोकसची रिंग कितीही फिरवा, धूसरच. वाइड अँगल लेन्सवर हे लगेच कळतं. टेलि लेन्स (दूरचं जवळ आणणारी) अनंताच्या, म्हणजे सर्वांत दूरच्या फोकसच्या खुणेच्या पुढेही थोडी फिरते, त्यामुळे दोष झाकला जातो. नमुने फक्त टेलिचेच पाठवले तर कान टवकारा. डीएसएलआरमध्ये आरशातून चालणारा ऑटोफोकस पुन्हा जुळवावाच लागतो. मिररलेस बॉडी सेन्सरवरूनच फोकस करते, म्हणून ही एक भानगड तरी वाचते.

लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायच्या स्क्रू फिल्टरमध्ये तर रिंगवर ‘७२०’ छापलेली साधी गडद लाल काचही खपवली जाते. तपासायला खोली पुरते: फक्त पांढऱ्या एलईडी दिव्यात फोटो काढा, मग तेवढ्याच एक्स्पोजरवर तारेच्या जुन्या बल्बमध्ये. एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतं, म्हणून खऱ्या ७२० मधून पहिला फोटो काळाकुट्ट आणि दुसरा उजळ यायला हवा. दोन्ही उजळ आले तर फिल्टर परत पाठवा. सूर्याकडे धरून मात्र पाहू नका: डोळ्याला अंधार वाटतो, पण इन्फ्रारेड आत जातच असतं.

‘८५० नॅनोमीटर, निळं आकाश’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचायचीही गरज नाही. तिथे सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे तिन्ही रंगफिल्टर जवळपास सारखंच इन्फ्रारेड सोडतात, त्यामुळे हाती कृष्णधवलच येतं. लाल आणि निळ्या चॅनेलची अदलाबदल करून आकाश निळं करायचं तर ७२० किंवा त्याखालचा फिल्टर हवा.

आणि ‘घरीच अर्ध्या तासात बदला’ म्हणून सुटी काच विकणारे तिची जाडी सांगत नाहीत, कॅमेऱ्यातल्या फ्लॅशसाठी वीज साठवणाऱ्या कपॅसिटरबद्दलही गप्प असतात. बॅटरी काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टच्या आसपास विद्युतदाब टिकून राहू शकतो.