आठवडी बाजारातले गमबूट : पाणी अडवतात, गाळ नाही

साडेतीनशेचे काळे गमबूट, पोटरीच्या अर्ध्यापर्यंत येतात, कंपनी-बिंपनी काही छापलेली नाही. घेतले कशासाठी तं जिओकॅशिंगसाठी, हसू नका राजेहो. २००० साली अमेरिकेत ओरेगॉनमध्ये एकानं बादली लपवून तिचे जीपीएसचे आकडे नेटवर टाकले तिथून सुरू झालेला हा खेळ, एकानं डबा लपवायचा, बाकीच्यांनी मोबाईलवर आकडे पाहून शोधायचा, भाच्याला पुण्यात त्याचं वेड लागलं. एप्रिलमध्ये आला तेव्हा साकोलीकडच्या एका मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाच्या वरच्या अंगाला डबा ठेवून गेला, जमीन तेव्हा भेगाळलेली, म्हणून टेरेनला, म्हणजे वाट किती अवघड त्याला, पाचपैकी दोन स्टार देऊन मोकळा. सप्टेंबरात कोणीतरी "सापडला नाही" टाकलं, आणि ज्याचा डबा त्यानंच पाहायचा असतो, भाचा तं पुण्यात, म्हणजे मी! तलावही मामा, जाणाराही मामाच.

धानाच्या बांधीच्या धुऱ्यापर्यंत बूट एकदम झकास, बाभळीचा एक काटा टाचेत घुसला पण आतपर्यंत आला नाही, याचे पूर्ण मार्क. पुढं बेशरमाच्या झुडपात शिरलो अन् गाळ लागला. पाय उचलला तं पाय आला, बूट तिथंच. मी एका पायावर, हातात मोबाईल, तो दाखवतो आणखी बारा मीटर, झाडाखाली गेलं की तेच वीस. धुऱ्यावरून एक म्हातारबा म्हणे, "बूट काहाले पाह्यजे गा? काढून जाय." खरं आहे त्यांचं, रोवणीला कोण बूट घालते, उघड्या पायाला गाळ असा ओढत नाही, पण मला काट्याची भीती.

शेवटी सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या घोट्यावर बांधल्या, बोटं खाली दाबून आधी टाच सैल करायची, मग हळू उचलायचं, असं जमलं. एकदा वरूनच पाणी शिरलं तेव्हा तं दोन्ही बूट बादल्याच झाले बाप्पा.

डबा अर्जुनाच्या मुळात होता, आत पाणी. वहीत शोधणाऱ्यांनी पेनानं लिहिलेली नावं सगळी पसरली, पेन्सिलची दोन वाचता आली. नवी वही ठेवली, भाच्याला फोन करून टेरेन चार करायला लावलं.

बुटांना पाचपैकी अडीच. आतून अस्तर नाही, घाम येतो, दोन दिवस वास जात नाही. दुकानदार "मोठाच घ्या, मोजे घालता येते" म्हणेल, ऐकू नका, सैल बूट गाळातच राहते.